दसऱ्याचा विमा

आमच्या घरात गाडीचा विमा तिथीनं भरला जायचा. लाइट बिल तारखेनं, घरपट्टी तारखेनं, अण्णांची पेन्शनसुद्धा तारखेनंच यायची. विमा मात्र दसऱ्याला. अण्णा म्हणजे माझे सासरे. गाडी त्यांनी दसऱ्याला घेतली होती, म्हणून तिचं जे काही व्हायचं ते दसऱ्याला. लग्न होऊन मी पुण्याहून इकडे तेलुगू मुलखात, बरकतपुऱ्यात आले तेव्हा मला याचं हसू आलं होतं. कंपनीचे लोक पंचांग बघून पॉलिसी देतात का, असं मी नवऱ्याला विचारलंही. तो म्हणाला, “या घरात असल्या गोष्टी विचारायच्या नसतात.” त्याचं बरोबर होतं, पण मी पुण्याची असल्यामुळे विचारतच राहिले.

माझा तिथला पहिला दसरा आठवतो. पोर्चमध्ये धुऊन पुसून उभी केलेली छोटी पांढरी गाडी, चारी चाकांखाली लिंबं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक आणि या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत पोचणारा झेंडूचा हार. हार आमच्या फाटकाशेजारी बसणाऱ्या फूलवालीचा असायचा. आठवडाभर आधी ती येऊन बॉनेट आपल्या हातांनी मापून जायची. गाडी तीच, बॉनेट तेच, तरी दर वर्षी मापायची. मग दहाच्या सुमाराला काचीगुड्याहून अण्णांचे मित्र यायचे. दोघं कॉलेजपासूनचे दोस्त. अण्णा रेल्वेत लागले आणि मित्र विम्याचे एजंट झाले. ते प्लास्टिकच्या पाकिटातून नवी पॉलिसी काढायचे, ती नारळाखाली ठेवून पूजा व्हायची, अण्णा त्यांच्या हातात चेक द्यायचे, आणि सगळे श्रीखंड-पुरीवर बसायचे. जेवण झालं की अण्णा लिंबं फोडत गाडी बाहेर काढायचे आणि सासूबाईंना देवीला घेऊन जायचे. विमा, पूजा आणि श्रीखंड हे सगळं त्यांच्या लेखी एकच काम होतं.

मला राग यायचा तो खर्चाचा. गाडी दर वर्षी जुनी होत होती आणि कंपनीच्या कागदावर तिची किंमत दर वर्षी उतरत होती. मग हप्ताही उतरायला हवा, इतकं साधं गणित. पण हप्त्यातला आपल्या गाडीचा भाग जेवढा कमी व्हायचा तेवढाच, कधी जास्तही, समोरच्याला इजा झाली तर त्याला द्यायच्या पैशांचा भाग वाढायचा. वर पेट्रोल, बॅटरी, टायर, पीयूसी, सर्व्हिसिंग. पंधरा वर्षं पुरी झाली तेव्हा पुन्हा नोंदणी, फिटनेस आणि जुनी गाडी ठेवल्याबद्दल वेगळा कर. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते मी डोळ्यांनी बघत होते. आणि एवढं करून गाडी जायची कुठं, तर काचीगुड्याला मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला, पेन्शनच्या कामाला सिकंदराबादला, नाहीतर सासूबाईंच्या गुडघ्याच्या डॉक्टरांकडे.

एका रविवारी मी सगळा खर्च लॅपटॉपवर मांडला आणि अण्णांपुढे ठेवला. तेवढ्या पैशात वर्षभर रोज कॅब मागवता आली असती. अण्णांनी चष्मा लावून ते कोष्टक वरपासून खालपर्यंत वाचला. जन्म रेल्वेच्या हिशेबखात्यात गेलेला, त्यामुळे एक बेरीज त्यांनी पुन्हा करून पाहिली.

“हिशेब बरोबर आहे बेटा,” ते म्हणाले. “पण यात हिचे गुडघे कुठल्या रकान्यात धरले?”

सासूबाई गालातल्या गालात हसल्या. कॅबवाले आमच्या गल्लीत शिरायला तयार नसत, कोपऱ्यापर्यंत या म्हणत. ऑटोत चढताना सासूबाईंना कुणीतरी मागून आधार द्यावा लागे आणि त्याची त्यांना फार लाज वाटे. आपल्या पोर्चमध्ये, आपल्या माणसानं दार उघडून धरलेल्या गाडीत बसणं ही त्यांची शेवटची ऐट होती. हे मला तेव्हा कळलं नाही असं नाही. कळलं, तरी मी म्हटलं, “निदान विमा तरी स्वस्तातला घ्या. इतकी वर्षं भरताय, एकदा तरी पैसा परत आलाय का?”

“विमा आपल्या गाडीचा नसतो बेटा, समोरच्याचा असतो,” अण्णा म्हणाले. “परत आला नाही म्हणजे समोरचा सुखरूप घरी गेला. चांगलंच आहे की.”

ते असं काहीबाही बोलायचे आणि आपण फार शहाणं बोललो म्हणून माझ्याकडे बघायचे. मी लॅपटॉप मिटला आणि कुकर लावायला गेले.

मग अण्णांच्या मित्रानं काम बंद केलं. त्यांच्या बायकोच्या मागे ते एकटे पडले होते. मुलीनं त्यांना तिच्याकडे पुण्याला नेलं. आता विमा फोनवरून भरायचा होता. पहिल्या वर्षी दसरा लवकर होता, अण्णांनी नवऱ्याकडून भरून घेतला, कागद छापून आणला, नारळाखाली ठेवला. मित्राची खुर्ची तेवढी रिकामी राहिली.

दुसऱ्या वर्षी धोंड्याचा महिना आला. अधिक महिना आला की पुढचे सगळे सण उशिरावर सरकतात, हे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. पॉलिसीची तारीख मात्र सरकत नाही. ती होती ऑक्टोबरच्या सुरुवातीची, आणि त्या वर्षी ती बरोबर पितृपक्षात आली. दसरा त्यानंतर पुष्कळ दिवसांनी.

कंपनीचे मेसेज अण्णांच्या फोनवर येत होते. त्याच फोनवर रोज कुणीतरी त्यांना प्लॉट घ्या म्हणायचं, कर्ज घ्या म्हणायचं. तरी त्यांनी तो मेसेज वाचला होता आणि जेवताना सासूबाईंना सांगितलाही होता. सासूबाई म्हणाल्या, “पंधरवड्यात नवा कागद घरात आणायचा नाही. पितरांचे दिवस आहेत. दसऱ्याला तर भरतातच की.” अण्णांनी मान हलवली. नंतर पॉलिसी संपल्याचे मेसेज आले, ते त्यांना दुकानदाराच्या घाईसारखे वाटले. जन्मभर आकडे तपासणारा माणूस, पण त्यांच्या डोक्यात त्या कागदाची मुदत दसऱ्याला संपत होती. तारीख त्यांना दिसली, पण मनावर ठसली नाही.

नवरात्राची चौथी माळ होती. तेलुगू घरांमधून बतुकम्मा, त्यांचा फुलांचा सण, चालू होता; फुलांवर नुसती झुंबड. फूलवालीनं रोजच्या जागी मावत नाही म्हणून तंगेडूची पिवळी फुलं आणि झेंडूचे ढीग आमच्या फाटकाच्या अगदी तोंडापर्यंत पसरले होते आणि त्यांच्यामागे ती खाली बसून निवडत होती. सासूबाईंना देवीला जायचं होतं. मी वरच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. गाडी मागे घेताना वाजणारी ती किरकोळ ट्यूं-ट्यूं मला ऐकू आली, आणि मग एक किंकाळी.

मी धावत खाली आले तेव्हा अण्णा गाडीतून उतरून दाराला धरून उभे होते. मागचं चाक तिच्या घोट्यावरून गेलं होतं. वेग म्हणाल तर चालणाऱ्या माणसाचाही नव्हता. ती फुलांत आडवी पडली होती आणि तेलुगूत एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती, अम्मा, अम्मा. सासूबाई आतून दार उघडायचा प्रयत्न करत होत्या आणि त्यांना ते उघडत नव्हतं. आम्ही तिला त्याच गाडीत घातलं. मी चालवत होते, सासूबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं, आणि अण्णा माझ्या शेजारी हात जोडून बसले होते. ते हात कुणाला जोडले होते मला माहीत नाही.

घोट्याचा चुरा झाला होता. प्लेट, स्क्रू, दोन ऑपरेशनं. हॉस्पिटलच्या बाहेर तिचा नवरा आला, तिची सून आली, गल्लीतले चार लोक आले. तिचा नवरा भडकला होता आणि भडकणारच. तेव्हा आमचे शेजारी मध्ये पडून त्याला म्हणाले, “अरे भाई, साब की गाडी का इन्शुरन्स है. हर दसरे कू भरते. सब मिलता तेरे कू, कैकू चिल्लाता?”

त्या गल्लीत कुणालाही विचारलं असतं तरी हेच सांगितलं असतं. तिनं स्वतः त्या कागदाच्या पूजेला इतकी वर्षं हार दिला होता. अण्णा गाडीपाशी गेले, पुढच्या कप्प्यातलं प्लास्टिकचं पाकीट काढलं आणि दिव्याखाली धरून वाचलं. मी त्यांच्या मागे उभी होते. त्यांनी तारखेवर बोट ठेवलं आणि ते बोट तिथून हलेना.

मला आजही तो राग जसाच्या तसा आठवतो. सासूबाईंचा राग आला, पंचांगाचा आला, त्या मेसेजांचा आला. इतकी वर्षं न चुकता भरलेलं सगळं त्या थोड्या दिवसांत पाण्यात गेलं होतं. एखाद्या वर्षी उशिरा भरलं असतं आणि काही झालं नसतं, असंही होऊ शकलं असतं. पण दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो आमच्याकडे खरोखरच तेरावा महिना होऊन आला होता. मी घरी येऊन स्वयंपाकघरात भांडी आपटली. सासूबाई देवघरापुढे बसून होत्या, त्यांच्या पातळाला अजून पिवळ्या पाकळ्या चिकटलेल्या होत्या.

नवऱ्यानं त्याच्या ओळखीतल्या एका एजंटला फोन केला होता. त्यानं सुचवलेली वाट सोपी होती. आजच फोनवरून नवी पॉलिसी घ्यायची. हॉस्पिटलमध्ये त्याचा माणूस होता, तो कागदावरची तारीख सांभाळून घेईल. फूलवालीच्या नवऱ्याला समजावायचं की अपघात दोन दिवसांनी झाला म्हण, म्हणजे तुलाच कंपनीकडून पैसे मिळतील, आमच्यापेक्षा जास्त मिळतील. नवरा म्हणाला, “अण्णा, यात तिचंच भलं आहे.” आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं. कंपनीनं इतकी वर्षं घेतलेच होते की.

अण्णा म्हणाले, “तिचा पाय कोणत्या दिवशी मोडला ते तिला ठाऊक आहे. तिच्या तोंडून खोटं कशाला वदवायचं?”

“माझ्यामुळं झालं हे,” सासूबाई आतून म्हणाल्या. “मीच पंधरवडा धरून बसले.”

“पंधरवडा तू पाळलास,” अण्णा म्हणाले. “गाडी मी चालवत होतो.”

त्यांचं लग्न होऊन पंचेचाळीसच्या वर वर्षं झाली असतील. त्या दोघांना एकमेकांशी इतक्या हळू आवाजात बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

रात्रीच त्यांनी पुण्याला मित्राला फोन लावला, कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मित्र म्हणाले, “अरे, धोंड्याच्या वर्षी मी तुझा हप्ता आधीच भरून ठेवायचो. दसऱ्याला नुसता कागद आणायचो आणि तुझा चेक घ्यायचो. तुला सांगायचं काय त्यात, म्हणून बोललो नाही.” फोन ठेवून अण्णा आम्हाला म्हणाले, “बघा, मी दसऱ्याला भरतच नव्हतो.” आणि हसल्यासारखं केलं. मला ते हसू बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते हॉस्पिटलात गेले आणि फूलवालीच्या नवऱ्याला म्हणाले, विमा संपलेला आहे, जे लागेल ते मी देईन, आणि तू पोलिसात तक्रार कर. त्यानं केली. अण्णांनी स्वतः तिथं बसून जबाब लिहून दिला, नंतर कोर्टात दंड भरला. विमा नसलेली गाडी चालवली, हे वाक्य त्यांना सगळ्यांपुढे कबूल करावं लागलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडी विकली. कागदावर उतरलेली किंमत ती खरीच होती, हे तेव्हा समजलं. एका ऑपरेशनलाही ती धड पुरली नाही. बाकीचं अण्णांच्या ठेवीतून गेलं. आम्ही देऊ केलेले पैसे त्यांनी घेतले नाहीत, आणि आम्ही फार आग्रह केला नाही.

त्यानंतर अण्णा पुन्हा कधी स्टिअरिंगला बसले नाहीत. मी कॅबचं कोष्टक मांडलं होतं तसंच आता चाललं होतं. माझं म्हणणं खरं ठरलं होतं आणि त्यात मला काडीचाही आनंद नव्हता. सासूबाई कोपऱ्यापर्यंत माझा हात धरून चालायच्या, ऑटोत चढताना डोळे मिटून घ्यायच्या. काही महिन्यांत त्यांनी काचीगुड्याला जाणंच सोडलं.

फूलवाली पावसाळ्याच्या आधी परत आली. तिला चालता येत होतं, पण पाय दुमडून खाली बसता येत नव्हतं, आणि फुलांचा धंदा खाली बसून करायचा. अण्णांनी तिला बोलावून सांगितलं की पोर्च आता रिकामाच आहे, सावलीत बस. तिनं थोडा विचार केला, मग एक प्लास्टिकची खुर्ची आणली आणि जिथं गाडी उभी असायची तिथं बसून हार गुंफायला लागली. फाटकाबाहेर रस्त्याला लागून फुलांपाशी तिची सून बसायची. अण्णा आणि ती फारसे बोलत नसत. जाता-येता ते तिच्या पायाकडे बघायचे आणि ती त्यांना बघताना बघायची.

पुन्हा पितृपक्ष आला. एका सकाळी अण्णा चहा पिताना म्हणाले, “तिचा अपघाताचा विमा काढायचा म्हणतो. फोनवर होतो म्हणे. दसरा झाला की काढू.”

सासूबाई पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं. “दसरा कशाला?” त्या म्हणाल्या. “आज काढा.”

“पंधरवडा चालू आहे.”

“हौ, माहीत आहे मला,” सासूबाई म्हणाल्या आणि मला म्हणाल्या, “तू जा यांच्याबरोबर. यांना फोनमधलं कळत नाही.”

आम्ही दोघं पोर्चमध्ये गेलो. अण्णांनी तिला त्यांच्या हिंदीत समजावून सांगितलं, की थोडेच पैसे भरायचे, ते मी भरीन, दर वर्षी भरीन; पुढे कधी काही झालं तर तुझ्या घरी पैसे येतील. ती हार गुंफत ऐकत होती. सुई हारातून काढून तिनं मांडीवर ठेवली.

“मेरे कू अब क्या होना है साब?” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसतं सांगत होती. “मैं तो अंदर बैठती. रोड पे बहू बैठती.”

अण्णांनी फाटकाकडे पाहिलं. तिची सून पाठमोरी बसली होती, तिच्या पाठीशी हातभर अंतरावरून गाड्या जात होत्या. एक रिव्हर्स घेत होती.

“उसका निकालो,” फूलवाली म्हणाली.

सून हात पदराला पुसत आत आली. मी फोन काढला, तिचं नाव घातलं आणि जन्मतारीख विचारली. ती सासूकडे बघायला लागली. दोघी तेलुगूत काहीतरी बोलल्या. मग सून मला लाजत म्हणाली, “बतुकम्मा के टैम पे पैदा हुई मैडम. दो दिन बाकी थे.”

मी थांबले. काहीतरी एक टाकून पुढे जावं, असं मनात आलं. तेवढ्यात अण्णांनी माझ्या हातावर हात ठेवला.

“आधार कार्ड मागव घरून,” ते म्हणाले. “थांबू आपण. तारीख नीट बघून घाल बेटा. तिथी चालत नाही त्यांना.”